आष्ट्याच्या अलीकडची पंगत

आमच्या घराचे आणि सांगलीचे नाते हळदीचे आहे. पुण्याच्या भुसार बाजारातील आमच्या लहानशा पेढीवर पन्नासएक वर्षांपासून सांगलीची राजापुरी हळद येते. माल पाठविणारे अडत्ये पहिल्यापासून एकच. ते दक्षिण महाराष्ट्रातील दिगंबर जैन. घेणारे आम्ही, तीन पिढ्यांपूर्वी राजस्थानातून येथे येऊन स्थिरावलेले ओसवाल, श्वेतांबर. दोन्ही घरांचा व्यवहार इतका चोख की वहीतल्या एका रुपयावरून कधी शब्दाला शब्द लागला नाही. संवत्सरी झाली की आमचे क्षमापनापत्र सांगलीला जाई. दशलक्षण पर्व संपले की त्यांचे क्षमावाणीचे पत्र पुण्याला येई. मात्र १९८७ पासून त्यांच्याकडचे कुणी आमच्या घरी जेवले नव्हते आणि आमच्याकडचे कुणी त्यांच्या घरी.

त्यामागे एका रात्रीची हकीगत होती. त्या वर्षी हिवाळ्यात माझे सासरे माल पाहण्यासाठी सांगलीला निघाले. वाटेत एस.टी. बंद पडली आणि सकाळी निघालेले सासरे रात्री साडेआठला अडत्यांच्या दारात उभे राहिले. दिवसभरात पोटात दोन केळ्यांपलीकडे काही नव्हते. त्या घरात सूर्यास्तानंतर चूल पेटत नसे. घरधन्यांनी स्वागत केले, पाय धुवायला पाणी दिले, अंथरूण घालून दिले आणि म्हणाले, “जेवण वाटेत झालंच असेल?” सासरे संकोची स्वभावाचे. ते म्हणाले, “हो, झालं.” पहाटे पाच वाजता, घरात कुणी उठण्याआधीच, ते बाजाराकडे निघून गेले. घरी परतल्यावर त्यांनी ही गोष्ट एकदाच सांगितली. पुन्हा कधी तिचा उल्लेख केला नाही. व्यापार चालू राहिला, जाणे-येणे थांबले. सासरे २०११ मध्ये गेले, तेव्हा सांगलीहून शोकपत्र आले, माणूस आले नाही.

पुढे माझे यजमान आणि अडत्यांचे चिरंजीव यांची फोनवरून मैत्री जमली. भावाबरोबर मुलांच्या शिक्षणाच्या, दुखण्याखुपण्याच्या गोष्टी होऊ लागल्या. गेल्या माघात तिकडून आग्रहाचे निमंत्रण आले : “हळदीचा हंगाम सुरू झाला आहे. सहकुटुंब या, मुक्काम करा, कुंभोजच्या बाहुबलीचे दर्शनही घडेल.” आम्ही दोघे जाणार हे ठरलेच होते. पण एकोणऐंशी वर्षांच्या सासूबाई म्हणाल्या, “मीही येते.” त्या प्रवास टाळतात, परक्या घरचे पाणीही विचारून घेतात. त्यामुळे आम्हाला नवल वाटले. कारण त्यांनी सांगितले नाही, आम्ही विचारले नाही.

जाण्याचा दिवस अष्टमीचा होता. सासूबाईंचा चौविहार; सूर्य मावळला की पाण्याचा थेंबही नाही. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी वर्ज्य. कंदमूळ तर घरात येतच नाही. मी संकोचत सांगलीच्या वहिनींना फोन केला आणि हे सारे सांगितले. त्या हसून म्हणाल्या, “ताई, आमच्याकडंही तेच आहे की. तुम्ही साडेचारपर्यंत पोचा, पाचला पानं वाढते. एक नवीन पदार्थ करून बघणार आहे. चुकला तर तुमच्या वाट्याला!” पुण्यात मित्रमंडळींना रात्री साडेआठचे बोलावणे करणाऱ्या आम्हा नव्या पिढीला पाच वाजताच्या पंगतीची कल्पना जरा अपरूपाचीच वाटली. खरे सांगायचे तर आमच्या घरात आता चौविहार एकट्या सासूबाईंचाच उरला आहे.

सकाळी साडेदहाला आम्ही पुणे सोडले. सांगलीपर्यंतचा रस्ता साडेचार-पाच तासांचा, म्हणून हातात वेळ भरपूर होता. पण खंबाटकी घाटात एक मालमोटार उलटली होती. तेथे दोन तास गाड्या मुंगीच्या पावलाने सरकत राहिल्या. पुढे महामार्गाच्या कामामुळे वळणरस्त्यामागून वळणरस्ते. कऱ्हाड आले तेव्हा पावणेपाच झाले होते. माघातला सूर्य साडेसहाच्या सुमारास मावळतो. पेठ नाक्यावर महामार्ग सोडल्यावर सांगली चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. आणि गळिताचा हंगाम असल्याने त्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग. एकेका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, त्यांतून ऊस दोन्ही बाजूंना झुकलेला. ओलांडून पुढे जायला वाव नाही.

सासूबाई मागच्या आसनावर माळ घेऊन शांत बसल्या होत्या. “उपवास घडेल, त्यात काय?” एवढेच त्या म्हणाल्या. पण मला तो दुसरा उपवास आठवत होता. सासरे ज्या घरी उपाशी निजले, त्याच घरी आता सासूबाईही उपाशी निजणार, आणि तेही नियमानेच. कुणाचा दोष नसताना जुनी जखम पुन्हा ओली होणार. यजमानांनी कऱ्हाडहूनच सांगलीला फोन केला आणि म्हणाले, “आम्हाला उशीर होतोय. तुम्ही जेवून घ्या. आई आता काही घेणार नाहीत.” पलीकडे क्षणभर कुणी बोलले नाही. मग मित्राचा आवाज आला, “तुम्ही येत राहा. इस्लामपूर सोडलं की फोन करा.”

इस्लामपूर सोडले तेव्हा साडेपाच वाजत आले होते. फोन केला तर ते म्हणाले, “सरळ या. आष्ट्याच्या अलीकडं, डाव्या हाताला, चिंचेचं मोठं झाड आणि विहीर आहे. आम्ही तिथं पोचलोय.”

वाचकहो, ते दृश्य मी विसरणार नाही. उसाच्या फडाला लागून विहिरीचा चौथरा, त्यावर चिंचेची सावली. चौथऱ्यावर सतरंजी अंथरलेली. पितळी डबे, गाळलेल्या पाण्याची कळशी, वाट्या, ताटे आणि कापडात गुंडाळलेल्या भाकऱ्या. मित्र, वहिनी, त्यांचा कॉलेजातला मुलगा. आणि काठी टेकून उभे असलेले चौऱ्याऐंशी वर्षांचे अण्णा, म्हणजे त्या रात्रीचे घरधनी. गाडी थांबताच ते स्वतः पुढे आले. त्यांनी सासूबाईंना हात जोडले आणि म्हणाले, “वहिनी, जय जिनेंद्र. आधी जेवा. अजून पाऊण तास सूर्य आहे.”

आम्ही हातपाय धुऊन बसलो. ताटात ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कढी, खपली गव्हाची खीर आणि मधोमध वाडग्यात वहिनींचा ‘नवीन पदार्थ’, अख्खा मसूर. इस्लामपूरकडचा अख्खा मसूर सगळीकडे प्रसिद्ध आहे. पण तो कांदा-लसणाच्या जोरावर. वहिनींनी त्यातले कांदा-लसूण तर वगळलेच होते. अष्टमी म्हणून टोमॅटो, मिरची, कोथिंबीरही वगळली होती. तरी रस्सा दाट, खमंग. मसुराचा दाणा आख्खा, पण जिभेवर लोण्यासारखा विरघळणारा. सासूबाईंनी पहिला घास घेतला आणि विचारले, “यात सुंठ आहे?” वहिनींचा चेहरा फुलला. “आहे, आई. आल्याच्या जागी.”

अण्णा जेवायला बसले नव्हते. घरी दोन घडी, म्हणजे ४८ मिनिटे आधी जेवण आटोपण्याचा त्यांचा नियम; त्यांचे पावणेपाचलाच झाले होते. ते चौथऱ्याच्या कडेला बसून होते. सासूबाईंना दुसरी भाकरी वाढली गेली, तेव्हा ते बोलू लागले.

“वहिनी, त्या रात्री शेठजी जेवले नव्हते, हे मला ठाऊक होतं. तोंडाकडं बघून कळतं माणसाला. मी नुकताच महाराजांकडं नियम घेतला होता. रात्री घरात चूल पेटवायची नाही. पण शेजारच्या घरी चूल पेटलेली होती. एक शब्द टाकला असता तर सोय झाली असती. मी ‘झालंच असेल’ असं विचारलं, आणि ते ‘हो’ म्हणाले ते खरं मानलं. खरं मानणं सोयीचं होतं. आमच्या घरातून पुढं वर्षानुवर्षं मला ऐकवत राहिली, पुण्याला जाऊन या म्हणून. ती गेली, शेठजी गेले. दर वर्षी क्षमावाणीचं पत्र पाठवलं, पण छापील पत्रात ही गोष्ट कशी लिहायची?”

ट्रॅक्टर जात होते, उसाची पाने सळसळत होती. आमच्यापैकी कुणाचाच घास पुढे सरकेना. सासूबाईंनी ताटातला हात थांबवला. त्या म्हणाल्या, “अण्णा, ते जेवले नव्हते आणि ‘हो’ म्हणाले. खोटं तेही बोललेच की. मी त्यांना तेव्हाच म्हटलं होतं, भूक लागली असेल तर सांगावं माणसानं. तुमची एक चूक, त्यांची एक. मिच्छामि दुक्कडम्.” मग वहिनींकडे वळून त्या म्हणाल्या, “खीर वाढा. सूर्य काही आपल्यासाठी थांबणार नाही.”

सहा वाजून वीस मिनिटांनी सासूबाईंनी पाणी पिऊन हात जोडले. थोड्या वेळाने उसाच्या तुऱ्यांमागे सूर्य उतरला. डबे आवरून आम्ही सांगलीकडे निघालो, तेव्हा अण्णा आपल्या गाडीत न बसता आमच्या गाडीत, यजमानांच्या शेजारी बसले. वाटभर ते सासऱ्यांच्या मालपारखीच्या आठवणी सांगत होते. हळकुंड मोडताना होणाऱ्या आवाजावरून ते माल किती वाळला आहे हे सांगत असत, ही गोष्ट माझ्या यजमानांनाही नवी होती.

दुसऱ्या दिवशी मित्राने आम्हाला हळदीची सारी वाट दाखवली. शेतात पाला कापून कंद खणून काढतात, शिजवतात, दहा-पंधरा दिवस उन्हात वाळवतात आणि मग ढोलात घोळून झिलई देतात. पाच किलो ओल्या हळदीची वाळून साधारण एक किलो उरते. सासूबाईंनी तेथे एक गोष्ट नातवंडांना सांगता येईल अशी सांगितली. ओली हळद हा कंद. त्यात अनंत जीव, म्हणून ती आपल्याला वर्ज्य. तीच वाळली की चालते. आले वर्ज्य, पण सुंठ चालते, हे त्याच न्यायाने. वाळणे ही तिची घडण आहे. ज्या हळदीवर आमच्या पेढीचे पोट चालते, ती ओल्या रूपात आमच्या स्वयंपाकघरात कधी आलेली नाही, हे तेव्हा प्रथमच माझ्या ध्यानात आले.

बाजार समितीच्या आवारात सौदे चालू होते. पोत्यांच्या थप्प्यांमधून व्यापाऱ्यांचा घोळका सरकत होता आणि मूठभर हळकुंडे हातात घेऊन भाव पुकारले जात होते. पूर्वी रुमालाखाली बोटे धरून भाव ठरत, अशी आठवण अण्णांनी सांगितली. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. येथल्या बेदाण्याला त्याआधीच मिळाले होते. बाजारातून सासूबाईंनी पाच किलो बेदाणा घेतला. कशासाठी, ते पुढे सांगते.

दुपारी हरिपूरला गेलो. कृष्णा आणि वारणा यांच्या संगमावरचे हे गाव हळदीच्या पेवांसाठी प्रसिद्ध होते. जमिनीत खोल खणलेला, तोंडाशी अरुंद आणि आत रुंद असा खड्डा म्हणजे पेव. त्यात हळद भरून तोंड मातीने बंद केले की आत हवा नाही, म्हणून किडीचा उपद्रव नाही. वर्षानुवर्षे माल टिकतो. पेव उघडल्यावर लगेच कुणी आत उतरत नाही; आतली कोंडलेली हवा निघून जाईपर्यंत तोंड मोकळे ठेवावे लागते. नाही तर माणूस गुदमरतो. २००५ च्या महापुरात येथल्या बहुतेक पेवांत पाणी शिरले आणि ती निकामी झाली. आता माल शीतगृहांत आणि गोदामांत जातो. एका बुजलेल्या पेवाच्या तोंडाशी अण्णा बराच वेळ उभे होते. मनात म्हटले, त्यांनीही कालच आपले एक पेव उघडले आहे.

तिसऱ्या दिवशी कुंभोजला निघालो. हातकणंगले तालुक्यातील हे गाव कर्मवीर भाऊराव पाटील यांचे जन्मस्थान. २२ सप्टेंबर १८८७ रोजी येथे एका जैन कुटुंबात ते जन्मले. १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापली आणि १९२४ मध्ये साताऱ्याला सर्व जातींच्या मुलांना एकत्र राहता-जेवता येईल असे वसतिगृह काढले. त्या मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही मोडले. एका पंगतीला एवढी किंमत दिलेली माणसे या मातीतली आहेत, हे अण्णा अभिमानाने सांगत होते.

बाहुबलीच्या डोंगरावर दिगंबर आणि श्वेतांबर, दोन्ही परंपरांची मंदिरे आहेत. समंतभद्र महाराजांनी येथे ब्रह्मचर्याश्रम सुरू केला आणि १९६३ मध्ये भगवान बाहुबलींची २८ फूट उंचीची संगमरवरी मूर्ती उभी राहिली. पायांवर वेली चढलेल्या, तरी अंग निश्चल. मूर्तीसमोर बसून सासूबाईंनी आमच्या परंपरेतील कथा सांगितली : वर्षभर उभे राहूनही बाहुबलींना केवलज्ञान होईना, तेव्हा ब्राह्मी आणि सुंदरी या बहिणींनी येऊन ‘भाऊ, हत्तीवरून खाली उतर’ असे सांगितले. हत्ती म्हणजे अहंकार. अण्णांनी त्यांच्या परंपरेतील कथा सांगितली : भरत चक्रवर्तींनी येऊन वंदन केले, तेव्हा बाहुबलींच्या मनातील शल्य गळाले. दोघे वृद्ध आपापली कथा पुरी होईपर्यंत एकमेकांचे ऐकून घेत होते. दोन्ही कथांत कुणीतरी चालत भेटायला यावे लागते, एवढे माझ्या लक्षात राहिले.

सांगली सोडताना वहिनींनी मला आपल्या वहीतून अख्ख्या मसुराची कृती उतरवून दिली. ती येथे देते, कारण अष्टमी-चतुर्दशीला पाहुण्यांपुढे काय ठेवावे हा आपल्या घरोघरचा प्रश्न आहे. दोन वाट्या अख्खे मसूर निवडून, धुऊन दोन तासच भिजवावेत. मोड येऊ देऊ नयेत. बेताच्या पाण्यात दाणा मोडणार नाही असे शिजवावेत. अर्धी वाटी सुके खोबरे, दोन चमचे तीळ, दोन चमचे शेंगदाणे, एक चमचा धणे, दोन लवंगा, दालचिनीचा तुकडा हे वेगवेगळे खमंग भाजून थोड्या पाण्यात बारीक वाटावे. तेलात जिरे, हिंग, हळद घालून हे वाटण तेल सुटेपर्यंत परतावे. त्यावर दोन चमचे लाल तिखट, अर्धा चमचा सुंठपूड, मीठ, चार आमसुले आणि सुपारीएवढा गूळ घालून शिजलेले मसूर सोडावेत आणि मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटे मुरू द्यावेत. लाल तिखट मात्र घरी कुटलेले हवे. त्या भागात उन्हाळ्यात वर्षाची चटणी कुटताना सगळीकडे कांदा-लसूण पडतो. म्हणून जैन घरांत आपली चटणी वेगळी कुटून ठेवतात.

पुण्याला आल्यावर मी हा पदार्थ तीनदा केला. पहिल्यांदा मसुराचे वरण झाले. दुसऱ्यांदा खोबरे करपले आणि रस्सा कडवट झाला. मुलांनी तो निमूटपणे खाल्ला, यावरूनच काय ते समजले. तिसऱ्यांदा वहिनींना फोन चालू ठेवून, एकेक पायरी विचारत केला. सासूबाईंनी चव घेतली आणि म्हणाल्या, “आता त्यांना बोलवायला हरकत नाही.”

अक्षय तृतीयेला सांगलीची सारी मंडळी आमच्याकडे आली. अण्णाही आले. आमच्या तीन-चार स्नेही कुटुंबांनाही बोलावले होते. सगळ्यांना स्पष्ट कळवले, पंगत साडेपाचला. कुणाची दुकाने, कुणाची कार्यालये. कुरकुर झाली, पण सगळे आले. पुण्यात त्या दिवसांत सूर्य सातच्या सुमारास मावळतो, त्यामुळे घाई नव्हती.

मसूर त्यांचाच त्यांना वाढणे बरे दिसले नसते, म्हणून आमच्या बाजूचे पदार्थ ठेवले. दालबाटी होतीच. सांगलीहून आणलेला बेदाणा आता कामी आला : मेथीदाणे दोनदा उकळून, पाणी टाकून, कडूपणा कमी करून त्यात तेवढाच बेदाणा, जिऱ्या-हिंगाची फोडणी, आमचूर आणि थोडा गूळ. कडू, आंबट, गोड असे तिन्ही एका घासात येणारी ही मारवाडी भाजी वहिनींनी पहिल्यांदाच खाल्ली आणि लगेच वही काढली. त्यांचा दुसरा प्रश्न गट्ट्यांबद्दल होता : दह्यात बेसन म्हणजे द्विदल होत नाही का? सासूबाईंनी त्यांना स्वयंपाकघरात नेऊन दाखवले. दही आधी ढवळत ढवळत चांगले गरम करायचे, मगच त्यात बेसनाचे गट्टे सोडायचे. कच्च्या दही-ताकाशी डाळ येऊ द्यायची नाही. वहिनी म्हणाल्या, “आमची कढीही अशीच असते. ताक आधी उकळून मगच पीठ लावतो.” चिंचेखाली आम्ही खाल्लेली कढीही तशीच केलेली होती, हे मला तेव्हा कळले. दोन घरांनी एकमेकांना न विचारता एकच रीत इतकी वर्षे सांभाळली होती.

जेवणाआधी उसाचा रस दिला. तृतीयेचे महत्त्व मुलांना सांगावे असे सासूबाईंनी अण्णांना सुचवले. अण्णा म्हणाले, “भगवान ऋषभदेव आहारासाठी गावोगाव फिरत होते. लोक त्यांच्यापुढं हत्ती आणत, रत्नं आणत. सगळ्यांची द्यायची इच्छा होती, पण काय द्यायचं आणि कसं द्यायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. हस्तिनापूरला श्रेयांसाला पूर्वजन्माचं स्मरण झालं आणि त्यानं उसाचा रस दिला.” थोडे थांबून ते म्हणाले, “मलाही पुष्कळ उशिरा कळलं.” मुलांना त्यातले शेवटचे वाक्य समजले नाही. आम्हाला समजले.

श्रावकाच्या बारा व्रतांतील शेवटचे व्रत अतिथी-संविभागाचे. मुळात ते साधू-साध्वींना शुद्ध आहार देण्याचे व्रत. पण दारात आलेल्या प्रत्येक माणसाला आपल्यातला वाटा काढून देणे हा त्याचाच विस्तार. आपण व्यापारी माणसे. गावोगाव आपले अडत्ये, दलाल, गिऱ्हाईक. त्यांच्याशी आपला संबंध भावाचा आणि वायद्याचा. त्यांतल्या किती जणांना आपण घरी जेवायला बोलावले आहे? नवीन पदार्थ करून पाहण्याचा आनंद असतोच. पण तो पदार्थ ज्याच्यासाठी करायचा तो माणूस आधी ठरवला, तर कृतीच्या वहीला वेगळीच चव येते. नियमांची अडचणही वाटत नाही. पंगत साडेपाचला ठेवावी, कंदमूळ वगळावे, दही गरम करून घ्यावे. आणि पाहुण्याला उशीर झाला, तर डबे घेऊन रस्त्यावर जावे.

त्या दिवशी पंगत उठल्यावर सूर्यास्ताला बराच अवकाश होता. पानसुपारी झाली. निरोप घेताना अण्णांनी पेढीवरच्या सासऱ्यांच्या तसबिरीला नमस्कार केला. पुढच्या हंगामातील मालाविषयी बोलायला मित्र आणि माझे यजमान आत गेले. सासूबाई मला म्हणाल्या, “मेथी-बेदाण्याचा डबा त्यांच्या गाडीत ठेव. वाटेत उशीर झाला तर लागेल.” मी तो ठेवला.